बिल्ला नंबर एकतीस

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज सकाळी पावणेअकराला डोंगर बसला. म्हणजे अख्खा नाही, आमच्या वाट्याचा तेवढा. दिघ्याच्या वरच्या अंगाला आमची कंपनी तीन वर्षं पाण्याचा बोगदा खणते आहे, त्याचं छत तोंडापासून चारशे मीटरवर खाली आलं आणि पलीकडे सात माणसं अडकली. मी गेटवरच्या टाइम ऑफिसात चहात बिस्किट बुडवत होतो. आवाज झाला आणि बिस्किट कपात पडलं. ते काढायला मी आधी चमचा शोधला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण उद्यापासून सगळे सांगणार की आवाज ऐकताच आम्ही धावलो.

आत कोण आहे हे सांगणं माझं काम. ऑफिसबाहेर फळा आहे, त्यावर प्रत्येकाचा पितळी बिल्ला. आत जाताना माणूस आपला बिल्ला ‘बाहेर’च्या खिळ्यावरून काढून ‘आत’च्या खिळ्यावर टांगतो. आमचे सेफ्टी मॅनेजर हौसेराव, सांगलीकडचे, हेल्मेट उलटं घालून धावत आले. “कुंदनराव, यादी. पाच मिनिटांत.” मी तीन मिनिटांत दिली, तीही वळणदार अक्षरात. त्यात शेवटचं नाव होतं: बिल्ला नंबर एकतीस, नामदेव, वय सत्तावन्न, राहणार तळवली, पंप ऑपरेटर.

नामदेव म्हणजे माझे सख्खे काका. यादी वाहिन्यांकडे गेली तेव्हा ते तळवलीत स्वतःच्या चार मजली बिल्डिंगच्या पायरीवर बसून पेपर वाचत होते.

बोगद्याच्या रस्त्याला जमिनी गेल्या म्हणून गावातल्या तीस घरांना एकेक नोकरी मिळाली. काकांचं पत्र आलं तेव्हा ते म्हणाले, “मी काय उंदीर हाय, बिलान शिराला?” पण नोकरी सोडणं म्हणजे हक्क सोडणं, आणि हक्क सोडायची आमच्या गावाला सवय नाही. मग बदली. नाव काकांचं, कार्ड काकांचं, पगार काकांच्या खात्यात, आत मात्र तबरेज. म्हसळ्याकडचा, वय एकोणतीस, दिघ्यात भाड्याने राहतो. मीच आणला त्याला. तिसांतले बावीस असेच बदलीवाले आहेत आणि कंपनीत हे कोणालाच माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मेडिकलला तेवढे काका स्वतः गेले होते. काकांची फुप्फुसं पास झाली आणि तबरेज आत गेला.

दुपारी काकांचा फोन. “कुंदन, टीवीवर माझा नाव दाखवतान. मी मेलू काय रं?”

“अडकलात, काका. मेला नाहीत अजून.”

“मंग आता मी काय करू?”

“घरात बसा. खिडकीतसुद्धा येऊ नका.”

तबरेजचा विचार संध्याकाळी आला. उशिरा आला, पण आला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

काकांच्या दारात वाहिन्यांच्या तीन गाड्या. काका माळ्यावर, जुन्या गणपतीच्या मखरामागे. खाली गोजराकाकी डोळ्यांना पदर लावून बसलेली, समोर माइक. काकीला रडता येत नाही, म्हणजे उगीच येत नाही. मी कानात म्हटलं, “काकी, थोडं तरी.” ती म्हणाली, “मानूस वर बसून भजी मांगतंय आनि मी खाली रडू?” शेवटी कांदा आणला. कांदा एपीएमसीतला, चांगल्या प्रतीचा, पण काकी पन्नास वर्षं कांदे चिरते आहे, तिला त्याचं काही वाटत नाही. बातमीत म्हणाले, ‘दुःखाने पत्नी दगडासारखी झाली आहे.’

साइटवर नातेवाइकांसाठी मांडव घातलाय. पिवळा पास असेल त्यालाच आत घेतात. यादीतल्या माणसाच्या घरी दोन पास. काकीला दोन मिळाले.

नूरी सकाळपासून गेटबाहेर उभी आहे. तबरेजची बायको. हातात कापडी पिशवी. वॉचमनने यादी पाहिली, तबरेज नाव नाही, मग परत पाठवली. ती पुन्हा आली. त्याने पुन्हा यादी पाहिली. यादी तीच होती. मला पाहून तिने हाक मारली, “कुंदनभाई, हे तेवढं आत द्या,” आणि पिशवी पुढे केली. मी घड्याळ बघत “आलोच” म्हणालो आणि मागच्या गेटने जेवायला गेलो. डबा असेल तिच्या हातात. एवढ्या दगडातून डबा कसा देणार?

नमिताला सगळं सांगितलं. बायकोला सांगू नये असं सगळे म्हणतात, मी तरी सांगतो. तिने एकच विचारलं, “त्याच्या बायकोला कोणी सांगितलं का, तो आत आहे म्हणून?” मी म्हटलं, ते तिला माहीतच असणार. नमिता उठून भाकऱ्या करायला गेली. आज भाकऱ्या जाड झाल्या होत्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

चार इंची पाइप पलीकडे पोचला! टाळ्या, पेढे, साहेबांच्या मुलाखती. पाइपातून आत हवा सोडायची असते, म्हणून बोलायला दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. आधी तोंड लावून ओरडायचं, मग कान लावायचा. आवाज पिंपातून आल्यासारखा येतो.

हौसेराव म्हणाले, “तुम्ही रोज हजेरी घेता, तुम्हीच घ्या.” मी सहा नावं घेतली, सहा ‘हजर’ आले. दोन मोठे साहेब डोळे पुसत होते. मग मी ओरडलो, “नामदेव!”

पाइपाला कान लावला. मग खोकला. मग आवाज आला, “हजर.”

काय गुणी पोरगा! आठ महिन्यांत एकदाही चुकला नाही, आणि आज अंधारात, डोक्यावर डोंगर असतानाही चुकला नाही. माझा जीव भांड्यात पडला. तो पुढे काहीतरी बोलत होता, ‘तब... तब...’ असं फाटकं ऐकू आलं. मी म्हटलं, परत बोला. परत ‘तब...’ आणि खोकला. मी हौसेरावांना सांगितलं, तब्येतीचं म्हणतोय. त्यांनी वहीत लिहिलं, ‘नामदेव: तब्येत ठीक.’

शेवटी मात्र स्पष्ट ऐकू आलं. “पंप पाठवा. पंप.”

सगळ्यांचे चेहरे उतरले. पंप ऑपरेटर पंप मागतोय, म्हणजे आत पाणी चढतंय! धावपळ सुरू झाली. एक साहेब कॅमेऱ्यासमोर म्हणाले, “स्वतः मृत्यूच्या दाढेत असताना या सत्तावन्न वर्षांच्या भूमिपुत्राला ड्यूटीची आठवण आहे.” काकांनी ते माळ्यावर मोबाइलवर पाहिलं आणि मला फोन करून म्हणाले, “बोलला त बरोबर.”

संध्याकाळच्या पाच मिनिटांत पुन्हा तेच. “पंप... लवकर...” हौसेराव पाइपात ओरडले, “येतोय, येतोय! पन्नास हॉर्सपॉवरचा!” आतून फक्त खोकला आला.

काकांच्या मेडिकल फाइलप्रमाणे त्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या पाइपातून आत सोडल्या. कागदात बांधून वर मीच ठसठशीत नाव लिहिलं, नामदेव.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पंप वाशीहून निघाला आणि कांद्याच्या ट्रकांमागे दोन तास अडकला. आला तेव्हा कळलं की तो बोगद्यात न्यायचा तर माणसं बाहेर काढण्यासाठी जो मोठा पाइप ढकलतायत, त्याचं मशीन मागे घ्यावं लागेल. घेतलं. सात तास सुटकेचं काम बंद, पंपाची पूजा चालू. नारळ हौसेरावांनी फोडला.

दुपारी गेटवर गेलो तर नूरी तिथेच. आज मला मागचं गेट आठवायच्या आत तिने माझी बाही धरली. “कुंदनभाई, मी तीन दिवस उभी आहे. तुमी बघता आणि जाता. आमी काय मागतो तुमच्याकडे? सोमवारी घाईत यांचा पंप घरी राहिला. तो तेवढा द्या.”

आणि पिशवीतून तिने पंप काढला. निळा, बोटाएवढा. तोंडात धरून दाबतात तो, दम्याचा.

मी तिथेच खाली बसलो. वॉचमनला वाटलं ऊन लागलं. आमच्याकडे त्यालाही पंपच म्हणतात, लहान पोरालाही ठाऊक असतं. यादीत नामदेव होता, नामदेवच्या नावापुढे पंप ऑपरेटर होतं, आणि त्यामुळे दोन दिवस एवढ्या शिकलेल्या माणसांना, माझ्यासकट, दुसरा अर्थ सुचला नाही. आत पाणी नाही. आत धूळ आहे आणि त्याला श्वास घेता येत नाहीये.

मांडवातल्या डॉक्टरना सहज विचारल्यासारखं विचारलं, “समजा, एखाद्याला दमा असेल, तर त्या प्रेशरच्या गोळ्या चालतात?”

“ती गोळी? मुळीच नाही. छाती आणखी आवळते. का हो?”

“काही नाही. घरात आहे एकाला.”

मग मी धावलो. खरंच धावलो, चमचा-बिमचा काही शोधला नाही. हौसेरावांना कंटेनरमागे नेऊन सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, “मी काय ऐकलं नाही. बावीस जण हायत ते, कुंदनराव. एकाचं नाव बोलला तर बावीसांचं बोलावं लागंल. माझी दोन पोरं शिकत्यात.”

“साहेब, तो मरेल.”

त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. नामदेवला दमा झाला. कधीपासून? आजपासून. बोगद्यात धूळ असते, होऊ शकतो. डॉक्टरने कागदावर लिहिलं, प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या, आणि तीन वाजता निळा पंप पाइपातून आत गेला. पन्नास हॉर्सपॉवरचा बाहेर हार घालून उभा होता.

सगळं निभावलं. नाव नाही, बोभाटा नाही, औषध आत. मी घरी येऊन नमिताला सांगितलं तेव्हा मला जरा शाबासकीची अपेक्षा होती. ती म्हणाली, “आणि ती अजून गेटवरच का?” या बाईला कधी काही पुरत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळच्या पाच मिनिटांत सहा ‘हजर’ आले. “नामदेव!” काही नाही. पुन्हा ओरडलो. काही नाही. आतल्या कोणीतरी सांगितलं, श्वास चालू आहे, पण बोलत नाही, डोळे उघडत नाही, पंप मारला तरी ओढत नाही.

तो गेला तर यादीप्रमाणे काका गेले. हा विचार माझ्या मनात आधी आला. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो.

संध्याकाळी मांडवात पाहतो तर काकीबरोबर नूरी, गळ्यात काकांच्या घरचा दुसरा पिवळा पास. मी काकीला बाजूला घेतलं. “हे काय?”

“गेटवर रडत व्हती. मी इचारला, कोन गो तू? तिना सांगला.” काकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बुटांकडे पाहू लागलो. “मना तीन दिवस कांदा देतंस, आनि रडनारी तिकर गेटवर?”

बोलायची वेळ झाली. काकी उठून सरळ पाइपाशी गेली, नूरीचा हात धरून. हौसेराव आडवे आले, “या कोण?”

“माझी सून.”

काकांना मुलगा नाही, हे हौसेरावांच्या फाइलमध्ये आहे. त्यांनी फाइल बंद केली.

काकी म्हणाली, “मार हाक.” आजूबाजूला सहा साहेब आणि एक कॅमेरा, आणि ही आता तबरेज म्हणून ओरडणार! पण नूरी पाइपाला तोंड लावून ओरडली, “अहो! अहो, मी आलेय! ऐकताय ना?”

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. त्यांच्यातही नाही आणि आमच्यातही नाही. कंपनीच्या सगळ्या कागदांवर जे जमलं नाही ते तिने एका ‘अहो’त जमवलं. ते नामदेवलाही लागू होतं आणि तबरेजलाही. साहेबांना काहीच वावगं वाटलं नाही.

“अहो, पंप ओढा! मी सांगते ना! एक... दोन... ओढा!”

तिने कान लावला. पाच मिनिटं कधीच संपली होती, हवेचा माणूस कॉम्प्रेसरच्या खटक्यावर हात ठेवून उभा होता, पण त्याने खटका दाबला नाही. मग आतून पाइपावर टकटक झाली. दगडाने मारावी तशी, दोनदा. नूरी पाइपाला धरून रडायला लागली. काकीही रडली, कांद्याशिवाय. मी जरा बाहेर जाऊन आलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी दोन वाजता मोठा पाइप पलीकडे पोचला आणि माणसं एकेक करून सरपटत बाहेर आली. मी यादी घेऊन तोंडाशी उभा. प्रत्येक नावापुढे टिक. सहा जण चालत आले. सातवा स्ट्रेचरवर, तोंडावर ऑक्सिजन, ओठ काळेनिळे. डोळे मात्र उघडे.

कॅमेरे तुटून पडले. ‘भूमिपुत्र नामदेव! सर्वांत ज्येष्ठ कामगार!’ धुळीने केस पांढरे झाले होते, त्यामुळे वयाचं कोणाच्या लक्षात आलं नाही. नूरीला गर्दीने मागे ढकललं आणि काकीला उचलून रुग्णवाहिकेच्या दारात उभं केलं. डॉक्टर फाइल उघडून वाचत होते, नामदेव, सत्तावन्न, प्रेशर, रक्तगट बी. इंजेक्शन भरायला घेतलं. मी यादी छातीशी धरून उभा होतो. बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं.

एका मुलीने काकीपुढे माइक धरला. “पाच दिवसांनी पती समोर आहेत. काय वाटतंय?”

काकीने स्ट्रेचरकडे नीट पाहिलं. “ह्यो माझा नवरा नाय,” ती म्हणाली. “माझा नवरा घरान माल्यावर बसलाय, भजी खातंय. ह्याचा नाव तबरेज हाय, ह्याला दमा हाय, आनि ह्याची बायको ती तिकर, तुमी ढकलली ती. डाक्टर, ती फाइल फेका आनि पोराला जपा.”

लाइव्ह होतं. डॉक्टरांनी खरंच फाइल खाली ठेवली आणि नूरीला बोलावून सगळं विचारून घेतलं. रक्तगट ओ. ती त्याच्याबरोबर गाडीत बसून गेली.

मीही बोलणारच होतो, असं मी आतापर्यंत चार जणांना सांगितलं. नमिताला सांगितलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चौकशी बसली. मला वाटत होतं चौकशी बावीस बदल्यांची असेल. चौकशी तबरेजची आहे. ‘अनधिकृत इसमाने खोटं नाव धारण करून प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केला.’ कंपनी पोलिसांत तक्रार देणार, म्हणजे बोगद्यात अडकायचा गुन्हा त्याचा. काका म्हणतात, बदली मला ठाऊकच नव्हती, मी आजारी होतो. मखरामागे बसून सर्दी झाली हे खरं आहे.

हौसेरावांनी माझ्यापुढे टाइप केलेला जबाब ठेवला. ‘सदर इसमास मी ओळखत नाही. त्याने माझी नजर चुकवून बिल्ला टांगला.’

“सही करा,” ते म्हणाले. “तुमची नोकरी राहती, काकाची राहती, बाकी एकवीस सुखानं ऱ्हात्यात. त्याला काय, दंड-बिंड हुईल.” जरा थांबून म्हणाले, “मीबी केलीया.”

उद्यापर्यंत वेळ मागितला. सही करावी असं वाटतंय. घराचा हप्ता आहे, आणि खोटं एवढे दिवस चाललं तर अजून एक ओळ काय मोठी?

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी हॉस्पिटलात गेलो. कशाला, ते नक्की माहीत नव्हतं. बहुतेक त्याने मला शिव्या द्याव्यात म्हणून, म्हणजे सही करणं सोपं गेलं असतं.

तबरेज उशीला टेकून बसला होता. आवाज अजून बसलेला. नूरीने मला खुर्ची दिली आणि बाहेर गेली. पोलिसांची नोटीस बिछान्यावर पडली होती.

“कुंदनभाऊ,” तो म्हणाला, “माझं चुकलं का कुठे? तुमी हाक मारलीत नामदेव म्हणून. मला वाटलं, बाहेर तसंच ठरलंय. मी हजर म्हटलं.”

तो खरंच विचारत होता. मी त्याच्या ग्लासात पाणी ओतून दिलं आणि निघालो.

घरी आल्यावर टाइप केलेला जबाब उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. ‘तबरेज यास मी आठ महिने रोज सकाळी सात वाजता ओळखून, नावाने हाक मारून, चहा विचारून आत सोडलं आहे. त्याला कामावर मी आणलं. नामदेव हे माझे काका असून ते बोगद्यात कधीही गेलेले नाहीत. पाइपातून नामदेव अशी हाक मी मारली, तेव्हा आत कोण आहे हे मला माहीत होतं.’ त्याखाली बावीसही जणांची नावं लिहिली, ज्यांच्या नावाचे बिल्ले आहेत त्यांची आणि जे आत जातात त्यांची, शेजारी शेजारी. शेवटची सहा आठवताना वेळ लागला, पण आठवली.

नमिताने वाचलं. दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि विचारलं, “मग उद्यापासून डबा किती वाजता?” मी म्हटलं, उद्यापासून डबा नको. ती म्हणाली, बरं.

खाली मी नाव लिहिलं, कुंदन. शेजारी सही केली, कुंदन. या बोगद्याच्या तीन वर्षांच्या कागदपत्रांत नाव एकाचं आणि माणूसही तोच, असा हा पहिलाच कागद असावा.